रविवारी विसावणारी गोल्फची पंढरी

रविवारची सकाळ. समुद्रावरून बोचरा वारा सुटलेला. हिरव्यागार गवतावरून एक आजोबा आपल्या कुत्र्याला फिरवीत सावकाश निघाले आहेत. त्यांच्या मागून एक तरुण जोडपे बाबागाडी ढकलीत येत आहे. पलीकडे ओढ्यावरच्या लहानशा दगडी पुलावर पाहुण्यांची गर्दी झाली आहे. जो तो पुलाच्या मधोमध उभा राहून फोटो काढून घेतो आहे.

एखाद्या गावच्या सार्वजनिक बागेत शोभावे असे हे दृश्य. पण ही बाग नव्हे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या गावचे हे ‘ओल्ड कोर्स’, जगातील सर्वांत नावाजलेले गोल्फचे मैदान! येथे एकदा तरी खेळायला मिळावे म्हणून अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाहून माणसे येतात आणि सोडतीत आपले नाव निघते का, याची वाट पाहत बसतात. आणि तेच मैदान दर रविवारी खेळासाठी बंद असते. मोठ्या स्पर्धांचे मोजके रविवार सोडले, तर त्या दिवशी ते गावाच्या स्वाधीन असते. कुणीही यावे, फिरावे.

आपल्याकडे गोल्फ म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते उंच कुंपण, फाटकावरचा पहारेकरी आणि सभासदत्वासाठी वर्षानुवर्षे ताटकळणारी बडी मंडळी. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला. ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना गोल्फ क्लब. तेव्हापासून भारतात हा खेळ ‘साहेबाचा खेळ’ म्हणूनच ओळखला गेला. म्हणूनच ज्या गावात तो रुजला आणि वाढला, तेथे मात्र तो विणकराच्या आणि सुताराच्या घरातही खेळला जात होता, हे ऐकून नवल वाटते. सेंट अँड्र्यूजची वारी करायची ती या नवलासाठी. हाती गोल्फची काठी कधी धरली नसली तरीही!

वाळूच्या पट्ट्यावरचा खेळ

गोल्फचा खेळ सांगायला सोपा. ठरावीक जागेवरून काठीने चेंडू टोलवायचा आणि कमीत कमी फटक्यांत तो दूरवरच्या, सव्वाचार इंच व्यासाच्या खळग्यात घालवायचा. या खळग्याला आणि तेथवरच्या साऱ्या टप्प्याला ‘होल’ म्हणतात. खळग्याभोवतीचे बारीक कापलेले, गालिच्यासारखे गवत म्हणजे ‘ग्रीन’. वाटेत चेंडू गिळायला टपलेले वाळूचे खड्डे म्हणजे ‘बंकर’. असे अठरा टप्पे पुरे केले की एक फेरी होते.

पण अठराच का? त्याचे उत्तर या मैदानातच आहे. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या रेताड, उंचसखल गवताळ पट्ट्याला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. नांगराला ही जमीन निरुपयोगी. तिच्यावर मेंढ्या चरत, कोळणी जाळी वाळवीत आणि गावातली माणसे चेंडू टोलवीत. सेंट अँड्र्यूजचा पट्टा अरुंद होता. म्हणून अकरा होल खेळत टोकापर्यंत जायचे आणि त्याच वाटेने अकरा खेळत परत यायचे, असे बावीस होलचे मैदान तेथे होते. १७६४ साली पहिले चार आखूड टप्पे एकत्र करून त्यांचे दोन लांब टप्पे केले गेले. जाताना दोन कमी आणि येताना दोन कमी, म्हणून बावीसाचे अठरा झाले. पुढे सगळ्या जगाने तोच आकडा उचलला.

जाणारे आणि येणारे एकाच ग्रीनवर खेळत, त्याची खूणही अजून शिल्लक आहे. ओल्ड कोर्सवर सात ग्रीन जोडग्रीन आहेत. एकेका ग्रीनवर दोन निशाणे, आणि दोन्ही होलच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठराच! दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असा हा हिशेब आहे. मैदानावर ११२ बंकर आहेत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी अंग घुसळून त्यांतले कित्येक खड्डे केले, असे म्हणतात. कुणा एका शिल्पकाराने हे मैदान आखले नाही. वारा, मेंढ्या आणि माणसांची पावले यांनीच ते मुख्यतः घडवले.

राजाची बंदी आणि सशांची लढाई

या खेळावर पहिला घाला घातला तो राजाने. १४५७ साली स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल दोन्हींवर बंदी आणली. कारण तरुण पोरे धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावत होती आणि शत्रू तर दाराशी होता. बंदी पुढे दोनदा नव्याने जाहीर करावी लागली. लोक ती कितपत पाळत होते, हे यावरूनच कळावे. शेवटी चौथ्या जेम्स राजालाच खेळाचा नाद लागला. १५०२ साली त्याने गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या, त्याही पर्थ गावच्या एका धनुष्ये बनवणाऱ्या कारागिराकडून!

१५५२ साली तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना या पट्ट्यावर ससे पाळण्याची मुभा हवी होती. त्या वेळी झालेल्या सनदेत एक गोष्ट स्पष्ट लिहिली गेली. गावकऱ्यांचा तेथे गोल्फ आणि इतर खेळ खेळण्याचा हक्क कायम राहील. गावाच्या हाती आलेला हा कागद अडीचशे वर्षांनी कामी आला.

१७९७ च्या सुमारास गावची नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने हा पट्टा हातचा घालवला. १७९९ साली तो डेम्प्स्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे गेला. त्यांना गोल्फशी देणेघेणे नव्हते. त्यांनी मांस आणि कातड्यासाठी तेथे ससे सोडले. सशांनी बिळे पोखरून मैदानाची चाळण केली. गावकरी चवताळले. मैदानात हाणामाऱ्या झाल्या, न्यायालयात खटले झाले, आणि हा झगडा वीस वर्षे चालला. अखेर १८२१ साली जेम्स चीप या शेजारच्या गोल्फवेड्या जमीनदाराने जमीन विकत घेतली. ससे गेले आणि खेळ वाचला.

तरीही जमीन खासगीच राहिली होती. १८९४ साली ब्रिटिश संसदेने खास कायदा केला आणि ती पुन्हा गावाच्या नगरपालिकेकडे आली. १९७४ पासून एक सार्वजनिक न्यास तिचा कारभार पाहतो. मैदानाच्या तोंडाशी जी भव्य दगडी इमारत दिसते, ती रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबची. हा क्लब १७५४ साली २२ सरदार-दरकदारांनी स्थापन केला. खेळाचे नियम करण्याचा मान त्याने पुढे दीर्घकाळ मिळवला. पण मैदान मात्र त्याच्या मालकीचे नाही! तेथे खेळायला त्या क्लबचे सभासद असावे लागत नाही. पहिल्या आणि अठराव्या होलच्या हिरवळीवरून तर एक सार्वजनिक रस्ताच आडवा जातो. खेळाडू काठी उगारून थांबतो, माणसे रस्ता ओलांडतात आणि मग चेंडू सुटतो.

विष्णूची मूर्ती आणि रबरासारखा चेंडू

गावात एक कथा सांगतात. पूर्वी गोल्फचा चेंडू म्हणजे कातड्याची लहानशी पिशवी. तिच्यात टोपीभर उकडलेली पिसे ठासून भरायची आणि शिवायची. कसबी कारागिराचेही दिवसाला तीन-चारच चेंडू होत. पावसात भिजला की चेंडू फाटे. अशा महाग चेंडूने गरिबाने किती खेळावे?

१८४० च्या दशकात गावातल्या एका पाद्रीबुवांच्या घरी पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली. वाटेत ती फुटू नये म्हणून गटापर्चाच्या तुकड्यांत बांधलेली होती. गटापर्चा म्हणजे मलायातील एका झाडाचा चीक. गरम पाण्यात तो मऊ होतो आणि गार झाला की टणक. बुवांच्या मुलाने, रॉबर्ट पॅटरसनने, तो चीक मळून त्याचा चेंडू वळला. कथेतला विष्णू खरा असो वा नसो, १८४८ च्या सुमारास गटापर्चाचे चेंडू बाजारात आले हे मात्र खरे. ते स्वस्त होते, टिकाऊ होते, आणि फुटले तर वितळवून पुन्हा करता येत. सामान्य माणसाच्या हाती खेळ आला तो या चेंडूमुळे. गोल्फच्या पंढरीलाही विष्णूचा हात लागला, असे म्हणायला हरकत नाही!

या चेंडूनेच दोन जिवलगांमध्ये फूट पाडली. ॲलन रॉबर्टसन हा पिसांचे चेंडू करणारा गावचा नामी कारागीर आणि खेळाडू. त्याच्याकडे टॉम मॉरिस नावाचा विणकराचा मुलगा कामाला होता. एका फेरीत टॉमचे चेंडू संपले म्हणून त्याने दुसऱ्याकडून गटापर्चाचा चेंडू घेतला, आणि ते नेमके मालकाच्या दृष्टीस पडले. दोघांत शब्दाला शब्द वाढला. टॉमने काम सोडले आणि १८५१ साली तो प्रेस्टविकला गेला.

बाप आणि लेक

याच प्रेस्टविकला १८६० साली आठ खेळाडूंची एक स्पर्धा झाली. तीच आजची जगप्रसिद्ध ‘ओपन’. टॉमने ती चार वेळा जिंकली. १८६५ च्या सुमारास सेंट अँड्र्यूजने आपल्या माणसाला परत बोलावले आणि मैदानाची राखण त्याच्यावर सोपवली. १९०३ पर्यंत त्याने ती केली. मैदानाला रविवारची सुट्टी हवीच, यावर तो ठाम होता. खेळणाऱ्यांना विश्रांती नको असेल, पण गवताला हवी, असे तो म्हणत असे. ती शिस्त आजही पाळली जाते.

टॉमच्या मुलाचेही नाव टॉमच. थोरला ‘ओल्ड टॉम’, धाकटा ‘यंग टॉम’. धाकट्याने १८६८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी ओपन जिंकली. इतक्या लहान वयात ती आजवर दुसऱ्या कुणी जिंकलेली नाही. लागोपाठ तीन वर्षे जिंकून त्याने मानाचा पट्टा कायमचा आपल्या घरी नेला. पट्टाच उरला नाही म्हणून १८७१ साली स्पर्धाही झाली नाही! १८७२ साली ती पुन्हा सुरू झाली आणि विजेता पुन्हा तोच.

सप्टेंबर १८७५. बापलेक समुद्राच्या खाडीपलीकडे नॉर्थ बेरविकला सामना खेळत होते. यंग टॉमची पत्नी मार्गारेट बाळंत व्हायची होती. सामना संपता संपता तार आली, की तिची प्रकृती बिघडली आहे. रात्रीच्या अंधारात दोघे एका शिडाच्या होडीतून खाडी ओलांडून निघाले. घरी पोहोचण्याआधीच त्यांना कळले, की आई आणि बाळ दोघेही गेले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी सकाळी यंग टॉम अंथरुणात मृत आढळला. वय अवघे चोवीस.

गावातल्या पडक्या कॅथीड्रलच्या आवारात त्याची समाधी आहे. साठ गोल्फ मंडळांनी वर्गणी काढून ती उभारली. ओल्ड टॉम त्यानंतर ३२ वर्षांहून अधिक काळ जगला. १९०८ साली तो गेला आणि त्याच आवारात मुलाशेजारी विसावला. अठराव्या होलला त्याचेच नाव आहे. ओपन जिंकणारे जगज्जेते या समाधीपाशी येऊन क्षणभर उभे राहतात.

मोठमोठ्यांचे गर्वहरण

हे मैदान भल्याभल्यांना नमवते. अमेरिकेचा बॉबी जोन्स १९२१ साली येथे आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. अकराव्या होलच्या बंकरमधून चेंडू बाहेर निघेना, तेव्हा तो चिडून स्पर्धाच सोडून गेला. पण १९२७ साली तो परत आला, ओपन जिंकला, आणि करंडक याच गावात राहावा असे त्याने सांगितले. १९५८ साली गावाने त्याला मानद नागरिकत्व दिले. त्याच्याआधी हा मान मिळालेला अमेरिकन एकच, बेंजामिन फ्रँकलिन, तोही १७५९ साली! तोपर्यंत मज्जारज्जूच्या दुखण्याने जोन्सला काठ्यांवाचून चालता येत नव्हते. आयुष्यातून बाकी सारे काढून घेतले आणि सेंट अँड्र्यूजच्या आठवणी तेवढ्या उरल्या, तरी आपले आयुष्य भरलेलेच असेल, अशा अर्थाचे तो बोलला तेव्हा सभागृहातल्यांचे डोळे पाणावले.

१९७० साली डग सँडर्स अठराव्या ग्रीनवर पोहोचला, तेव्हा ओपनचे विजेतेपद जेमतेम तीन फुटांवर होते. एवढासा चेंडू ढकलायचा, बस्स. तो हुकला. दुसऱ्या दिवशीच्या जादा फेरीत जॅक निकलॉसने त्याला एका फटक्याने हरवले. सँडर्सला ओपन कधीच जिंकता आली नाही. १९७८ साली जपानच्या टॉमी नाकाजिमाचा चेंडू सतराव्या ग्रीनवरून घरंगळून बंकरमध्ये पडला. तो बाहेर काढता काढता त्याच्या नाकी नऊ आले, आणि त्या होलचे फटकेही नऊच झाले! तेव्हापासून लोक त्या खड्ड्याला गमतीने ‘नाकाजिमाची वाळू’ म्हणतात.

२०१५ साली येथे झालेल्या ओपनमध्ये एक भारतीय चारही फेऱ्या खेळला. तो पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी. २०२२ साली १५० वी ओपन येथेच झाली. ती ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथने जिंकली. पण लोकांच्या लक्षात राहिला तो टायगर वुड्स. याच मैदानावर २००० आणि २००५ साली जिंकलेला टायगर त्या वर्षी दुसऱ्याच दिवशी स्पर्धेबाहेर पडला. स्विल्कन ओढ्यावरचा तो दगडी पूल त्याने टोपी उंचावून ओलांडला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. पूल तो केवढा? सुमारे तीस फूट लांब आणि आठ फूट रुंद. धनगरांनी मेंढ्या नेण्यासाठी तो बांधला, असे सांगतात.

स्त्रियांसाठी ‘हिमालय’

मैदान सर्वांचे, असे म्हणताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. स्त्रियांना मात्र हा उंबरठा ओलांडायला फार काळ लागला. एकोणिसाव्या शतकात बाईने खांद्यावर हात उचलून चेंडू टोलवणे अशोभनीय मानले जाई. मग गावातल्या स्त्रियांनी १८६७ साली आपला वेगळा क्लब काढला. चेंडू नुसता ढकलत खळग्यात घालायचा, एवढाच खेळ. त्यासाठी त्यांना मिळालेली जागा उंचवट्यांनी भरलेली, म्हणून तिला नाव पडले ‘हिमालय’!

पलीकडच्या दगडी क्लबहाऊसचे दार मात्र बंदच राहिले. २००७ साली स्त्रियांची ब्रिटिश ओपन पहिल्यांदा ओल्ड कोर्सवर झाली. मेक्सिकोची लोरेना ओचोआ ती जिंकली, आणि त्या स्पर्धेपुरते ते दार खेळाडू स्त्रियांसाठी उघडले. स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव सप्टेंबर २०१४ मध्ये झाला. क्लबच्या स्थापनेला तेव्हा २६० वर्षे झाली होती.

‘हिमालय’ मात्र आजही त्या स्त्रियांच्या क्लबकडेच आहे, आणि काही वेळ ठेवून तो सर्वांसाठी खुला असतो. थोडक्या पौंडांत काठी आणि चेंडू मिळतो. आजी, सून, नातवंडे एकत्र खेळू शकतात. गोल्फ येत नसले तरी अडत नाही. मुलाबाळांसह गेलेल्या कुटुंबाने ही मजा चुकवू नये.

जायचे कसे?

एडिंबरोहून आगगाडीने सुमारे तासाभरात लूखर्स स्थानक येते. सेंट अँड्र्यूजचे स्वतःचे स्थानक १९६९ साली बंद झाले. लूखर्सहून बस किंवा टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत गावात पोहोचता येते. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण स्वेटर आणि पावसाळी कोट बरोबर हवाच.

ओल्ड कोर्सवर खेळायचे तर आधी आपल्या क्लबचा हँडिकॅपचा दाखला लागतो. खेळाडूची पातळी सांगणारा हा अंक असतो. आगाऊ नोंदणी झाली नाही, तर ज्या दिवशी खेळायचे त्याच्या दोन दिवस आधी सोडतीत नाव घालता येते. हंगामात एका फेरीचे तीनशे पौंडांहून अधिक पडतात. हिवाळ्यात दर बराच उतरतो. त्याच न्यासाची आणखी सहा मैदाने आहेत आणि ती बरीच स्वस्त आहेत. त्यांतले नऊ होलचे बॅलगोव्ह खास मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी आहे.

खेळायचे नसेल, तर मुक्कामात एक रविवार येईल असे पाहावे. सकाळी १४१३ साली स्थापन झालेले विद्यापीठ पाहावे. राजपुत्र विल्यम आणि केट यांची भेट येथेच झाली. मग कॅथीड्रलच्या आवारात मॉरिस बापलेकांच्या समाधीपाशी जावे. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटातले तरुण ज्या किनाऱ्यावर धावताना दिसतात, तो वेस्ट सँड्सचा किनारा मैदानाला लागूनच आहे. आणि दुपारी सरळ ओल्ड कोर्सवर फिरायला निघावे. तिकीट नाही, फाटक नाही. हवे तर पुलावर उभे राहून फोटो काढावा.

संध्याकाळी फिरणारी माणसे घरोघर परततात. सोमवारी उजाडताच पहिल्या होलवर नावे पुकारली जातात आणि कुणी पाहुणा थरथरत्या हातांनी पहिला फटका मारायला उभा राहतो. समोरच्या रस्त्यावरून गावातले कुणी चालले असेल, तर त्यालाही थांबावे लागते. आधी गावकरी, मग खेळ!